कडेला हात लावायचा नाही

दादा, परवा तुझ्या शोकसभेत मला बोलावं लागलं.

वहिनीनं आदल्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं, "वन्सं, बाकीचे बोलत्याल ते बोलू द्या. आपल्या घरातनं तुमीच बोला. मला काय उभं ऱ्हावणार न्हाय." मी हो म्हणाले आणि मोरीत जाऊन ओकले. सख्खा भाऊ गेलाय आणि मी माईकला घाबरते आहे, याची लाज वाटत होती. शाळेत गणित शिकवायला मी वर्षानुवर्षं उभी राहते, त्याला कधी भ्याले नाही. वर्ग वेगळा आणि सभा वेगळी. हे तुला मी किती वेळा सांगितलं असेल, आणि तू दर वेळी म्हणायचास, "काय येगळं न्हाय गं. सभेला फकस्त मिशा असत्यात."

पणदऱ्याच्या शाळेत मी पंधरा ऑगस्टला पहिल्यांदा उभी राहिले ते आठवतं तुला? भाषण तूच पाठ करून घेतलं होतंस. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो" इतकं मी खणखणीत म्हटलं. पुढचं सगळं पुसून गेलं. समोर नुसती डोकी. गुरुजींनी शेवटी हाताला धरून मला खाली आणलं. घरी जाताना मी रडत होते आणि तू दप्तर दोन्ही खांद्यांवर घेऊन चालत होतास, तुझंही आणि माझंही. म्हणालास, "सुमे, तू समद्यांना सांगाय गेलीस. समद्यांना सांगता येत न्हाय. एकाला सांगायचं. बाकीचे आपसूक कान देत्यात."

तुला हे त्या वयात कुणी शिकवलं होतं, मला आजही माहीत नाही. तात्या दुधाच्या किटल्या आणि ऊस यांच्या पलीकडे फारसं बोलत नसत. तू मात्र बोलायला लागलास की चुलीपुढं बसलेली आई भाकरी तव्यावर विसरायची.

पुढं आपण दोघंही एकाच शाळेत लागलो, इंदापूरच्या रस्त्याला. तू मराठी, मी गणित. बारामतीहून तुझ्या मोटारसायकलवर जायचं आणि यायचं. वक्तृत्व स्पर्धेची मुलं तू तयार करायचास ती मी शेजारच्या वर्गातून ऐकायचे. कुणी हात फिरवून, आवाज चढवून बोलायला लागलं की तुझा आवाज यायचा, "हात कशाला उडीवतोस? माश्या हाकतोस व्हय?" मग त्या मुलाला तू सांगायचास, सकाळी घरातून निघाल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय दिसलं तेवढंच सांग. मुलगा सांगायला लागायचा आणि कुठंतरी मध्येच वर्ग गप्प व्हायचा. "आता कळलं?" तू म्हणायचास. "आता ऐकत्यात तुला." ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडं बघू नका, पायांकडं बघा, असंही तू सांगायचास. तोंड खोटं बोलतं. माणूस कंटाळला की आधी त्याचे पाय हलतात, मग मान वळते, मग तो उठतो. पाय हलले की आवाज खाली घ्यायचा. वर नाही, खाली.

आपलं भांडण होतं ते भीतीवरून. तुझं म्हणणं, ज्याला भ्या वाटत नाही त्यानं माईकला हात लावू नये. माझं म्हणणं, तुला बोलायला काय जातंय, तुझी भीती पहिल्या वाक्याला संपते. "संपती कुठं," तू म्हणायचास. "जरा लांब जाऊन बसती." मला ते खोटं वाटायचं. लग्नात, शेतकरी मेळाव्यात, कुणाच्या सेवानिवृत्तीला, दोन्ही तालुक्यांत तुला बोलावणी असायची. तुला भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बक्षीस समारंभाच्या त्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी पहाटे अवकाळी पाऊस पडून गेला होता. मैदानावर लोखंडी पाइप उभे करून मांडव घातलेला, वर ताडपत्री, दोन्ही बाजूंना पाइपांना बांधलेलं रंगीत कापड. पुढं शाळेची बाकं जोडून त्यांवर फळ्या टाकून स्टेज केलेलं. मागं आत यायला एकच वाट, आणि तिच्यावर लोखंडी कमान. ओल्या मातीवर सतरंज्या टाकून सगळी शाळा बसली होती. कडेची मुलं तर पाइपांना पाठ लागेल इतकी जवळ. शाळेची वीज सकाळपासून गेलेली, म्हणून माईकसाठी रस्त्यापलीकडं बापूरावांच्या डाळिंबाच्या बागेतल्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढली होती. पाहुण्यांना उशीर होत होता, आणि वेळ काढायला हेडसरांनी नेहमीप्रमाणे तुला उभं केलं होतं. मुलं हसत होती. मी कडेला पाचवीच्या मुलींजवळ उभी होते.

आपले शिपाई गुलाबमामा कापडाच्या फटीतून माझ्याजवळ आले. उजवा हात डाव्या काखेत दाबून धरलेला. ओठ पांढरे.

"बाई, पायपात करंट उतरलाय. मला फेकलं त्यानं."

मला आधी कळलंच नाही. मग मी त्या मुलींकडं पाहिलं. एकीची वेणी पाइपाला घासत होती.

"मेन कुठाय, मामा?"

"बापूरावाच्या पेटीत. पेटीला कुलूप हाय, त्यो बागंत आसंल. मी जातू पळत. पर पोरान्ला उठवू नका बाई. उठली की धावत्याल, आन् पायपालाच धरत्याल."

ते गेले. ओरडायचं नव्हतं हे बरंच झालं, कारण मला ओरडता आलंच नसतं. मी त्या मुलींना मांडीला हात लावून लावून जरा आत सरकवलं आणि मधल्या वाटेनं स्टेजकडं चालायला लागले. इतकं भान ठेवून मी आयुष्यात चालले नसेन. कुणाला धक्का लागू नये, कुणी माझ्याकडं बघून उठू नये. स्टेजवर चढून तुझ्या कानाशी लागले आणि सांगितलं.

तुझ्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं. डोळे तेवढे बदलले.

"किती येळ?" तू न हलता विचारलंस.

"माहीत नाही."

तू माईकच्या दांड्याला हात न लावता त्याच्या बाजूनं पुढं आलास. "ह्यो माईक आज नीट बोलंना," मुलांना म्हणालास, "आपण आपलं बोलू." मागच्या मुलांनी "ऐकू येत न्हाय सर" म्हणून आवाज केला. तू आणखी हळू बोललास. हळूहळू सगळी शाळा शांत झाली, आणि पहिल्या रांगा पुढं वाकल्या.

"एक म्हस इहिरीत पडली व्हती," तू म्हणालास.

आपल्या पणदऱ्याची गोष्ट. आपली मोरी म्हैस कडा ढासळून विहिरीत पडली होती आणि तात्या दोराला धरून खाली उतरले होते. कंबरभर पाण्यात तिच्या मानेला हात लावून उभे राहून ते तिच्याशी बोलत राहिले, वरून माणसं, दोर आणि बैल जमा होईपर्यंत. मी ती गोष्ट शंभरदा ऐकलेली. पण त्या दिवशी तू ती वेगळीच केलीस.

"आता तुमी समदे त्या इहिरीत हाय," तू म्हणालास. "चारी बाजूंचा काठ ढासळतोय. कडेला हात लावायचा न्हाय. कडेला ज्याचा हात लागला त्यो गेला. आता बसल्या बसल्या, अजाबात आवाज न करता, मधी सरकायचं. म्हशीला कळू द्यायचं न्हाय."

आणि मुलं सरकायला लागली, दादा. खेळ समजून, ओठ दाबून, मांड्या घासत. दोन्ही कडांनी मोकळी सतरंजी दिसायला लागली. एक मुलगी तेवढी हलेना. सातवीतली आर्या, बापूरावांचीच. पाइपाजवळ ताठ बसली होती, दोन्ही हात छातीशी घेऊन.

"आर्या," तू म्हणालास, "म्हशीचं नाव काय ठिवायचं?"

ती तुझ्याकडं बघत राहिली.

"सांग की. तू सांगितल्याबिगर म्हस वर येणार न्हाय."

"लक्ष्मी," ती कशीबशी म्हणाली आणि आत सरकली.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले. मुलांना शिकवलेलंच असतं, पाहुणे आले की उठून टाळ्या वाजवायच्या. मागची काही मुलं उठायच्या बेतात गुडघ्यांवर आलीसुद्धा. ढोल-ताशाची पोरं फाटकापाशी ताशावर काठी टाकणार, हेडसर हार घेऊन निघालेले, आणि पाहुणे कमानीखाली येऊन एक हात वर नेतायत, बुटातला चिखल झटकायला आधार म्हणून.

"पाहुणं, तितंच थांबा!" तेवढंच वाक्य तू मोठ्यानं बोललास. "कशाला हात लावू नका. आमची म्हस अजून खाली हाय. वर येऊ द्या, मग या."

त्यांचा हात हवेत राहिला. ते चमकले, मग हसले, पण थांबले. उठू पाहणारी मुलं खाली बसली. तू पुढं सांगत राहिलास, दोर कसा काचत होता, तात्यांचे तळहात कसे सोलून निघाले, वरची माणसं कशी ओरडत होती आणि तात्या त्यांना खालूनच गप्प करत होते. मध्येच तू थांबायचास. त्या थांबण्यात मला ताडपत्रीवरून गळणारं पाणी ऐकू यायचं आणि वाटायचं, आता कुणीतरी किंचाळणार.

शेवटी रस्त्यापलीकडून मामांनी टॉवेल हलवला, वीज बंद केल्याची खूण म्हणून. मी पाहिला, तूही पाहिलास. आणि तरी तू गोष्ट थांबवली नाहीस. म्हैस वर येईपर्यंत, तिनं अंग झाडून सगळ्यांना भिजवेपर्यंत, तू गोष्ट पूर्ण सांगितलीस. मग म्हणालास, आता हात जोडून, कडेला न लागता, एकेक रांग व्हरांड्यात चला.

शेवटची रांग गेल्यावर तू स्टेजमागं जाऊन मातीतच बसलास. मी पाणी आणलं तर तुला तांब्या धरता येईना.

"मामांनी टॉवेल हलवल्यावर का नाही थांबलास?" मी विचारलं.

"मला त्या टावेलाचा भरवसा न्हवता, सुमे. आन् पोरं अजून इहिरीतच व्हती."

गावानं तुला डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र बापूराव शिक्षकांच्या खोलीत आले, टोपी हातात चुरगाळत.

"माझ्या पोरीच्या पाठीशी करंटाचा पायप, आन् तुमी तिला म्हशीचं नाव इचारताय, सर? उठ म्हणून सांगायचं! दुसरं न्हाय तर तिला एकटीला तरी उचलायची!"

वीज तुमच्याच पेटीतली होती, असं मी म्हणणार होते. तू टेबलाखाली माझा हात दाबलास. "तुमचं बरुबर आसंल," तू त्यांना म्हणालास. "मला त्या टायमाला दुसरं काय सुचलं न्हाय." ते आणखी चिडून निघून गेले. तू पुस्तक उघडलंस आणि पान न उलटता तास संपेपर्यंत बसून राहिलास.

त्या रविवारी आपण पणदऱ्याला गेलो. तुला वाटलं होतं, तात्यांना बरं वाटेल, त्यांची म्हैस कामाला आली म्हणून. तात्या गोठ्यात धारा काढत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हशीला काय कळतंय बाबा. ती आपली उभी व्हती. मीच भ्यालो व्हतो. माझं मला गप ऱ्हावत न्हवतं, म्हणून बोलत व्हतो." मी हसले. तू हसला नाहीस.

त्यानंतर तू बोलायचं सोडलंस. एकदम नाही. आधी घसा बसलाय म्हणालास, मग वेळ नाही, मग नुसतंच नको. वक्तृत्वाची मुलं दुसऱ्या शिक्षकांकडं दिलीस. वर्गात शिकवायचास, पण खुर्चीत बसून, खिडकीकडं बघत. मुलं रंगात येऊन ऐकायला लागली की तूच कुठंतरी वाक्य तोडायचास आणि फळ्यावर शब्दार्थ लिहायला लागायचास. हे मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते आणि मला तुझी भीती वाटायला लागली होती. जिवंत माणसाचा आवाज असा जागच्या जागी आटतो, हे मी पहिल्यांदा बघत होते.

नरसिंहपूरला व्याख्यानासाठी मीच तुला जवळजवळ ओढून नेलं. संयोजक तुझा जुना विद्यार्थी, त्याला नाही म्हणता येईना. देवाचं दर्शन घेतलं, आणि तू मांडवाकडं न जाता घाटाच्या पायऱ्या उतरून संगमावर जाऊन बसलास. दुपार होती. वर माईकवर तुझं नाव पुकारत होते आणि तू पाण्यावर नजर लावून बसलेला.

"दादा, लोक वाट बघतायत."

"बघू द्यात."

"तू काय पाप केलंस का? मुलं वाचवलीस तू."

"मी न्हाय वाचवली. मामा पळाला म्हणून वाचली." मग म्हणालास, "सुमे, पोरं हललीच न्हाईत गं. सरका म्हटलं, सरकली. बसा म्हटलं, बसली. कुलूप उघडलं नसतं, करंट वल्या मातीत उतरला आसता, तर ती तशीच बसून गेली आसती. माझ्या तोंडाकडं बघत. हसत." तुझा आवाज पार खाली गेला. "लोकांनी ऐकावं म्हणून मी जल्मभर खटपट केली. त्या दिवशी त्यांनी खरंच ऐकलं. आन् आता मी तोंड उघडलं आन् समोरचा गप झाला, की मला त्याचंच भ्या वाटतं."

"पण मुलं गेली नाहीत ना!" मी ओरडलेच.

"हे उत्तर न्हाय," तू म्हणालास.

त्या दिवशी आपण व्याख्यान न देताच परत आलो. पुढं कितीतरी वर्षं मोटारसायकलवर बसून मी तेच भांडण काढत राहिले. अर्धी वाक्यं वाऱ्यावर जायची. कालव्याच्या पुलावर तू वेग कमी करायचास तेव्हा तुझं एखादं उत्तर ऐकू यायचं. मी म्हणायचे, उठवलं असतंस तर नक्की एखाददुसरं दगावलं असतं. तू म्हणायचास, आसंल, पण त्यांना माहीत तरी असतं. शेवटच्या शनिवारी मला घराशी सोडताना मी पुन्हा विषय काढला. या मुलांना बोलायला कुणी शिकवायचं, म्हणून विचारलं. तू हेल्मेट घालत म्हणालास, "सोमवारी बोलू."

सोमवारी मी बारामतीच्या दवाखान्यात आयसीयूच्या काचेबाहेर उभी होते. तुझ्या तोंडावर मास्क होता. आत सोडलं तेव्हा तू माझ्याकडं बघत होतास, आणि मला एकही वाक्य आठवलं नाही. तुझा हात धरून उभी राहिले. तू ऐकायला तयार होतास की काय, कुणास ठाऊक.

तर परवा. तेच मैदान. मांडव नव्हता, उघड्यावर खुर्च्या होत्या. अलीकडं शाळेनं सिमेंटचं स्टेज बांधलंय, मागं उतरायला पायऱ्या. माझं नाव पुकारल्यावर मी त्या पायऱ्या चढले, माईकसमोर उभी राहिले, आणि पणदऱ्यात झालं होतं तेच झालं. सगळं पुसून गेलं. एकाला सांगायचं म्हणून मी वहिनीकडं पाहिलं, तर तिनं पदरात तोंड घातलेलं. तात्यांकडं पाहिलं, तर ते जमिनीकडं बघत होते. खुर्च्यांखाली पाय हलायला लागलेले मला दिसले.

"दादा भीत होता," मी म्हणाले.

का म्हणाले माहीत नाही. लिहून नेलं होतं त्यात हे नव्हतं. त्यात मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, असलं काहीबाही होतं. पण एकदा तोंडातून गेल्यावर मागं घेता येईना. मी सांगत गेले. पाइप, वायर, म्हैस, संगमावरचा घाट. तू बोलायचं का सोडलंस ते. लोक समजत होते, सरांना गर्व झाला, मोठ्या सभा नाहीत म्हणून येत नाहीत. मी सांगितलं, त्यानं मुलांना अंधारात ठेवून बसवलं हे त्याच्या जिवाला लागलं होतं. ते बरोबर होतं की चूक, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मलाही आलं नाही.

तेव्हा मधल्या खुर्च्यांतून एक मुलगी उठली. बारामतीला कॉलेजात शिकणारी. मी ओळखलं नाही आधी.

"बाई, आमी अंधारात न्हवतो," ती म्हणाली. आर्या होती ती. "मला आधीच झिणझिण्या आल्या होत्या. कोपर लागलं होतं माझं पायपाला. मी ओरडणारच होते, तेवढ्यात तुम्ही स्टेजवर गेलात आणि सरांच्या कानात बोललात. सरांचे पाय लटपटायला लागले. पँट हलत होती नुसती. मला कळलं की सरांना कळलंय. मग त्यांनी सांगितलंच की, कडेला हात लावायचा न्हाय. मी शेजारणीला सांगितलं, पायपात करंट हाय, सरांना म्हाईत हाय, गप बस. तिनं पुढच्या मुलीला सांगितलं. आमच्या कडेच्या समद्या मुलींना म्हाईत होतं."

"इतकी वर्षं बोलली नाहीस ते?" मी विचारलं.

"आमच्या आण्णांनी शाळेत येऊन दंगा केला होता. मला करंट लागल्याचं कळलं असतं तर त्यांनी शाळाच सोडवली असती."

मागच्या रांगेत बापूराव उभे राहिले. "मला सांगायचं की गं तू," एवढंच म्हणाले, आणि उभेच राहिले. बसावं की जावं, त्यांना कळत नव्हतं.

हे तुला कळलं असतं तर तू पुन्हा बोलायला लागला असतास का? मला वाटत नाही. माझ्या डोळ्यांपुढं तू येतोस तो भांडतानाच. "म्हंजी पोरीन्ला म्हाईत व्हतं?" म्हणशील. "आन् ह्ये भ्या घिऊन त्या बसून ऱ्हायल्या, मी म्हस सांगत व्हतो तंवर? ह्ये तर आणखी वाईट." तू असाच होतास. कुठलीही सुटका तू सरळ हातात घेतली नसतीस. पण या खेपेला माझ्याकडं तुला द्यायला उत्तर होतं, दादा. आर्या खाली बसण्याआधी आणखी एक वाक्य बोलली. ते तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. ती लहान असताना सांगायला हवं होतं. काचेच्या आत तू माझ्याकडं बघत होतास तेव्हा तरी मला ते माहीत असायला हवं होतं.

ती म्हणाली, "स्टेजच्या मागं मोकळं होतं, बाई. सर एका उडीत बाहेर जाऊ शकत होते. तुम्ही म्हणता, आमी सरांच्या तोंडाकडं बघत होतो. व्हय, बघत होतो. सर पळत्यात का, ते बघत होतो."

ती बसली. आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. तात्यांनी मान वर केली होती. वहिनीनं पदर खाली घेतला होता. बापूराव उभेच होते. मी माईकचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि तो माझ्या हातांबरोबर हलत होता, सगळ्यांना दिसेल असा. पुढं काय बोलायचं, मला ठाऊक नव्हतं. माझ्याही मागं पायऱ्या होत्या.

मी गेले नाही, दादा.